किशोरवयीन मुलींसाठी पॉप संगीताचं मासिक कसं डिझाइन करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असो, फॅन क्लबच्या अंकासाठी असो किंवा खरंच बाजारात आणायच्या मासिकासाठी असो, हे काम हातात आलं की बहुतेक जण सॉफ्टवेअर उघडतात, गुलाबी रंग निवडतात आणि मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी जमतं, आणि गुलाबी रंग म्हणजे काही वाचक नव्हे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. या वयाची मुलगी असं मासिक नुसतं वाचत नाही, ती ते वापरते. पोस्टर काढून कपाटाच्या दारावर लावते, चाचणी (क्विझ) मैत्रिणीसोबत भरते, फोटो कापून वहीवर चिकटवते. गाणी, बातम्या, व्हिडिओ तिला फोनवर फुकट मिळतात. कागदावर तिला काय मिळणार आहे, याचं उत्तर प्रत्येक पानाने द्यायचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नातून निघतात.

आधी जमवून ठेवा

- कोरे कागद, पेन्सिल, स्टेपलर, कात्री, पट्टी
- पानं लावायचं सॉफ्टवेअर: इनडिझाइन. फुकटात हवं असेल तर स्क्रायबस
- फोटोसाठी फोटोशॉप किंवा गिंप, लोगोसाठी इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप
- युनिकोड देवनागरी फॉन्ट, तीन-चार वजनांत (म्हणजे अक्षरांच्या जाडीत)
- मोठ्या आकाराचे मूळ फोटो (व्हॉट्सअॅपवरून आलेले नकोत, तिथे ते दाबले जातात)
- फोटो, मुलाखत आणि मॉडेल यांच्या लेखी परवानग्या
- छापखान्याकडून लेखी घेतलेली माहिती: कापल्यानंतरचा आकार, ब्लीड (कापल्यावर पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला चित्राचा भाग), बाइंडिंग, कागद

1. वाचक ठरवा, आणि अर्धवट ठरवू नका

‘13 ते 19 वयोगट’ हा वाचक नाही, ती लोकसंख्या आहे. अकरा-बारा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांची मुलगी एकमेकींच्या मासिकाला हातही लावणार नाहीत. पहिलीला स्टिकर, कोडी आणि लाडका गायक हवा असतो. दुसरीला गाणं कसं लिहिलं गेलं, मंचावर जायच्या आधी भीती वाटते का, हे वाचायचं असतं. आणि मुली आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलींसाठी केलेलं वाचतात. म्हणून वाचक बारा-तेराची असेल तर भाषेचा आणि चित्रांचा सूर पंधराच्या आसपास ठेवा. ‘लहान मुलींचं’ दिसलं की ते दप्तरातून बाहेरच येत नाही.

एका पानावर एकच मुलगी लिहून काढा: ती कोणाची फॅन आहे, गाणी कशावर ऐकते, स्वतःच्या पैशाने अंक घेते की आईबाबांकडून घेववते. अंक पालक विकत घेत असतील, तर मुखपृष्ठावरचं एखादं वाक्य त्यांनाही खटकू नये एवढं बघावं लागतं. ते पान भिंतीवर लावा. टीममध्ये वाद झाला की त्या पानाकडे बोट दाखवायचं.

2. जुन्या मासिकांनी काय केलं ते बघा

ब्रिटनमध्ये 1978 साली सुरू झालेलं ‘स्मॅश हिट्स’ मुळात गाण्यांचे शब्द छापण्यावर उभं राहिलं. तेव्हा ते शब्द दुसरीकडे सहज मिळतच नव्हते. पुढे ते थट्टेखोर भाषेसाठी आणि मुलाखतींतल्या विचित्र प्रश्नांसाठी ओळखलं गेलं. 2006 मध्ये ते बंद पडलं, तोवर शब्द, फोटो, बातम्या सगळं इंटरनेटवर येऊन पोचलं होतं.

जर्मनीतल्या ‘ब्राव्हो’ने 1959 पासून वेगळीच युक्ती चालवली. कलाकाराचं माणसाच्या उंचीचं पोस्टर तुकड्यातुकड्यांनी, एकेका अंकातून द्यायचं. पहिला मान फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोचा. पाय आले, गुडघे आले, आता चेहऱ्यासाठी पुढचा अंक घेणं भाग! डिझाइनने विक्री कशी वाढते याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

आणि 1996 साली ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मासिकाच्या पीटर लोरेन या संपादकाने स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश पॉप बँडच्या पाचही जणींना टोपणनावं दिली. स्पोर्टी, स्कॅरी, बेबी, जिंजर, पॉश ही नावं जगभर झाली. मासिकाला स्वतःची बोली असली की असं होतं. तुमच्या मासिकाची बोली पहिल्याच दिवशी ठरवा: वाचकाला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, इंग्रजी शब्द किती, थट्टा कोणाची चालेल. माझं मत विचाराल तर ‘तू’. पण मग संपादकीयापासून स्पर्धेच्या नियमांपर्यंत ‘तू’च.

3. नाव आणि मास्टहेड (मुखपृष्ठावरचा नावाचा लोगो)

नाव छोटं ठेवा, दोन-तीन अक्षरांचं असेल तर उत्तम. मुखपृष्ठाच्या पूर्ण रुंदीत ते जेवढं मोठं बसेल तेवढं लांबून दिसतं. नाव ठरवण्याआधी ते आणखी कोणी वापरत नाही ना, हे बघून घ्या.

देवनागरी लोगोचा एक त्रास कोणी आधी सांगत नाही. अक्षरांना जाड बाह्यरेषा दिली की शिरोरेषेचे जोड आणि काना-मात्रांचे सांधे अक्षराच्या आतून रेषा होऊन दिसायला लागतात. आधी मजकुराचं आकारात रूपांतर करा, सगळे आकार एकत्र जोडून एकसंध करा आणि मगच रेषा द्या. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते. रोमन लिपीत मोकळी अक्षरं छान दिसतात म्हणून तीच नक्कल देवनागरीत केलेली मुखपृष्ठं बघितली की जीव कळवळतो.

4. फ्लॅट प्लॅन: याच पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या

फ्लॅट प्लॅन म्हणजे सगळी पानं एका कागदावर छोट्या चौकटींत मांडून कुठल्या पानावर काय येणार ते लिहिणं. मधोमध पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. 22 पानांचा अंक म्हणून कुठे अडकू नका, 20 किंवा 24 करा.

समजा 24 पानं आहेत. कागद दुमडून, पिन मारून, आकडे टाकून खरोखरची डमी करा. स्क्रीनवर हे कळत नाही, हातात घेतल्यावर लगेच कळतं. मधला कागद बाहेर काढून बघा: त्यावर 11, 12, 13 आणि 14 ही पानं आहेत. 12-13 समोरासमोर येतात, तिथे मोठं पोस्टर. वाचक ते काढणार म्हणजे 11 आणि 14 ही पानंही त्याच्यासोबत भिंतीवर जाणार. नवखे लोक नेमकी मुख्य मुलाखत 14 वर संपवतात. पोस्टर लावायचं तर मुलाखत जाते, मुलाखत ठेवायची तर पोस्टर लावता येत नाही. 11 आणि 14 वर छोटी पोस्टर द्या किंवा ज्याचं कोणाला दुःख होणार नाही अशी जाहिरात द्या. पण दोन्ही बाजूंना एकाच ताकदीचे दोन लाडके कलाकार देऊ नका. कुठली बाजू भिंतीकडे, यावरून घरात भांडणं होतात, आणि तक्रारीची पत्रं तुम्हाला येतात.

पोस्टरवर पिना बरोबर घडीत बसतात. चेहरा, विशेषतः डोळे आणि नाक, घडीवर येणार नाही असा फोटो निवडा. उभं पोस्टर असेल तर फोटो आडवा फिरवून लावा, म्हणजे घडी कमरेच्या आसपास जाते.

कापायच्या गोष्टींनाही हाच नियम. स्टिकर, कूपन, फोटोकार्ड ज्या पानावर असेल त्याच्या मागे वाचायचं काही ठेवू नका. के-पॉपच्या अल्बममधून येणाऱ्या फोटोकार्डांचा आकार साधारण 55 × 85 मिमी असतो. A4 पानावर मध्ये कापायला जागा सोडून अशी नऊ कार्डं बसतात. आकार तोच ठेवला तर मुलींकडे आधीच असलेल्या फोल्डरमध्ये तुमची कार्डं बरोबर बसतील. अर्ध्या सेंटिमीटरने मोठी केलीत तर ती कुठेच बसणार नाहीत. त्यासाठी जाड कागदाचं वेगळं पान घालता आलं तर बघा.

भरायची पानं, म्हणजे चाचणी, कोडी, ‘माझी प्लेलिस्ट’, चकचकीत आर्ट पेपरवर नकोत. पेनाची शाई सुकत नाही आणि बोटाने पसरते. आतल्या पानांना साधा कागद घेतला तर खर्चही कमी होतो.

बाकीचा क्रम फार अवघड नाही. सुरुवातीला छोट्या बातम्या आणि फोटो, मग मुखपृष्ठकथा, मध्ये पोस्टर, नंतर दुसरी मोठी मुलाखत, अल्बमची परीक्षणं, वाचकांची पत्रं, कोडी, पुढच्या अंकाची झलक. गजबजलेल्या पानानंतर एक मोकळं पान येईल एवढं सांभाळा.

5. ग्रिड आणि अक्षरं

A4 पानाला चार कॉलमचं ग्रिड (मांडणीसाठी आखलेला, छपाईत न दिसणारा सांगाडा) घ्या. मुलाखतीला दोन-दोन जोडून वापरता येतात, बातम्यांना एकेक. चौकटी तिरक्या ठेवायच्या, फोटो कापून बाहेर काढायचे, हस्ताक्षरातल्या खुणा करायच्या, हे सगळं या प्रकारच्या मासिकाला शोभतं. पण ग्रिड मोडायला आधी ग्रिड असावं लागतं. सगळंच तिरकं असेल तर काहीच तिरकं दिसत नाही.

फॉन्ट दोनच. शीर्षकाला एक, मजकुराला एक, फार तर हस्ताक्षरासारखा तिसरा. मुक्ता, हिंद, बलू, खंड हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. मजकुराला मुक्ता किंवा हिंद, ठसठशीत शीर्षकाला बलू, अरुंद जागेत खंड. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे लहान-मोठं हे वजन, आकार आणि रंग यांतूनच दाखवावं लागतं. म्हणूनच तीन-चार वजनांचा फॉन्ट घ्या असं वर म्हटलं.

देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा थोडा मोठा लागतो, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरं यांना जागा द्यावी लागते. 10.5 किंवा 11 पॉइंटला 15-16 पॉइंटचं लीडिंग (ओळीपासून ओळीचं अंतर) देऊन बघा. सॉफ्टवेअरने ठेवलेलं आपोआपचं लीडिंग तसंच राहू दिलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटली किंवा पहिली वेलांटी चुकीच्या जागी गेली, तर फॉन्टला दोष देण्याआधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. स्क्रायबसची फार जुनी आवृत्ती असेल तर नवी घ्या, जुनीला देवनागरी जमत नाही. आणि लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्येच मागवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की अक्षरांची खिचडी होते, ती दुरुस्त करण्यात रात्र जाते.

6. रंग

गुलाबीला माझा विरोध नाही. विचार न करता वापरलेल्या गुलाबीला आहे. मुखपृष्ठावरच्या फोटोतूनच रंग उचला: जॅकेटचा पिवळा, मागच्या प्रकाशाचा जांभळा. दोन मुख्य रंग आणि एक भडक, बस.

स्क्रीनवर डोळे दिपवणारा निऑन गुलाबी छपाईत उतरत नाही. स्क्रीन प्रकाश देते, कागदावर चार शाया असतात. चार रंगांत मिळणारा सगळ्यात चमकदार गुलाबी म्हणजे जवळपास शुद्ध मॅजेंटा. निऑन हवाच असेल तर पाचवी, वेगळी शाई लावावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. म्हणून पहिल्या दिवसापासून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या या चार शायांच्या रंगांत, बघा. शेवटच्या दिवशी रंग बदलले की अख्ख्या अंकाचा चेहरा उतरलेला दिसतो.

छोटा काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या काळ्यात नको. गडद फोटोवर बारीक पांढरी अक्षरंही टाळा. शाई जराशी सरकली तरी अक्षरांची भोकं बुजतात.

7. फोटो आणि हक्क

इंटरनेटवरून उचललेला फोटो दोन कारणांनी चालत नाही. पहिलं, तो लहान असतो. पूर्ण A4 पानाला 300 डीपीआयने (एका इंचात 300 ठिपके) 2480 × 3508 पिक्सेल लागतात, ब्लीड धरून थोडे जास्तच. दुसरं कारण जास्त गंभीर आहे: तो तुमचा नाही. फोटोचा हक्क साधारणपणे फोटोग्राफरचा किंवा एजन्सीचा असतो, कलाकाराचा नव्हे. ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिल्याने काही सुटत नाही. गायिकेने स्वतः तिच्या पानावर टाकलेला फोटोही आपोआप छापायला मोकळा होत नाही. कलाकाराची जनसंपर्क टीम किंवा म्युझिक कंपनी प्रसिद्धीसाठीचे फोटो देते, त्यांना विचारा, आणि परवानगी पोस्टरसाठीही आहे का हे वेगळं विचारा. गाण्याच्या पूर्ण शब्दांचंही तसंच, परवान्याशिवाय छापू नका.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सरळ नवी गायिका कल्पा आणि मैत्रिणीचे फोटो स्वतः काढा. मॉडेल अल्पवयीन असेल तर पालकांची सही घ्या. एकाच फोटोशूटमध्ये तीन वेगळ्या जागा आणि तीन वेगळे पेहराव घ्या. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुलाखत या तिन्ही ठिकाणी एकच टी-शर्ट दिसला की परीक्षकाला सगळं कळतं.

8. मुलाखतीचं जोडपान

डाव्या पानावर पूर्ण फोटो आणि उजवीकडे मजकूर, ही मांडणी सुरक्षित आहे आणि म्हणूनच जरा कंटाळवाणी. फोटो घडी ओलांडून उजव्या पानावर येऊ द्या, पण चेहरा घडीपासून दूर ठेवा. शीर्षकाचं अक्षरही घडीत गडप होणार नाही ना, ते डमीवर तपासा.

मोठा परिच्छेद दिसला की पान उलटलं जातं, म्हणून मजकूर तोडा: दोन ओळींचा इंट्रो, मोठ्या अक्षरात उचललेलं एक वाक्य, ‘झटपट दहा प्रश्न’ची चौकट. उचललेलं वाक्य मुलाखतीत शब्दशः असलंच पाहिजे. प्रश्नही नेहमीचे नकोत. ‘नवा अल्बम कसा आहे?’ याचं उत्तर प्रत्येक गायिकेने शंभर वेळा दिलेलं असतं. ‘रात्री दोन वाजता फ्रिज उघडलास तर काय शोधतेस?’ याचं उत्तर तिने अजून कोणाला दिलेलं नसतं, आणि चौकटीत बसायला ते छोटंही असतं.

9. मुखपृष्ठ

आता मुखपृष्ठ. अंकात काय आहे ते आता खरोखर माहीत झालेलं आहे.

एकच मोठा चेहरा, कॅमेऱ्याकडे थेट बघणारा. डोळ्याला डोळा भिडला की हात अंकाकडे जातो. बँड असेल तर पाचही जण सारखे छोटे करू नका, एक-दोघांना पुढे घ्या. पण मग फॅन मोजतात की आपला लाडका मागे का, हेही लक्षात असू द्या. स्टँडवर अंक एकावर एक रचलेले असतील तर बहुतेक वेळा डावा भाग आणि वरची पट्टीच दिसते, म्हणून सगळ्यात ओढ लावणारी ओळ डावीकडे वरच्या बाजूला.

कव्हर लाइन (मुखपृष्ठावरच्या ओळी) लिहिताना:

- ‘नव्या अल्बमविषयी सविस्तर मुलाखत’ असं नको. ‘पहिल्या कॉन्सर्टआधी ती बाथरूममध्ये का लपली?’ असं हवं, आणि आत त्याचं खरं उत्तर हवं.
- मुख्य ओळ एक, बाकीच्या चार-पाच, त्याहून जास्त नाही.
- फुकट पोस्टर किंवा कार्डं असतील तर गोल ठिपक्यात ठळक लिहा.
- चेहऱ्यावर अक्षर नको. केसांवर चालतं.

बारकोडची जागा सुरुवातीपासूनच धरा. त्याचा पूर्ण आकार सुमारे 37 × 26 मिमी असतो. मागे पांढरी चौकट आणि पट्ट्या काळ्या ठेवा. लाल पट्ट्या सुंदर दिसतात, पण स्कॅनरचा प्रकाशही लालच असल्यामुळे त्याला त्या दिसतच नाहीत. किंमत, महिना आणि अंक क्रमांक तिथेच जवळ.

10. काय छापायचं नाही

हा भाग डिझाइनचा नाही असं काही जण म्हणतात. आहे. गायिकेची कंबर फोटोशॉपमध्ये बारीक करणं हे डिझाइनरच्याच हातून होतं. पुटकुळी पुसायचा मोह झाला तर एवढं आठवा की वाचकाच्या चेहऱ्यावरही ती आहे. वजन कमी करायच्या आणि गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती पहिल्या अंकापासून नाकारा. एकदा घेतल्या की पुढच्या नाकारणं महाग पडतं. ‘ही जाड झाली का?’ छापाच्या चौकटी तर नकोच.

वाचकांची पत्रं आणि फोटो छापताना पूर्ण नाव, शाळा, पत्ता, सोशल मीडियाचं खातं काहीही देऊ नका. पहिलं नाव आणि वय पुरे. फोटोला पालकांची लेखी परवानगी हवी. स्पर्धेच्या कूपनवर नको ती माहिती मागू नका, आणि क्यूआर कोड दिलात तर तो नेमका कुठे उघडतो ते छपाईच्या आदल्या दिवशी स्वतः तपासा.

11. छपाईला देण्याआधी

खऱ्या आकारात प्रिंट काढून, पिन मारून दोन-तीन मुलींच्या हातात द्या आणि गप्प बसा. समजावून सांगू नका. पहिलं कुठलं पान उघडलं, कुठे थांबल्या, कुठली पानं सरकन उलटली, एवढं लिहून घ्या. ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ असंच उत्तर येईल. ‘यातलं कुठलं पान काढून टाकू?’ असं विचारा.

मग फाइल:

- चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, मजकूर कडेपासून निदान 8-10 मिमी आत
- फोटो 300 डीपीआय, सीएमवायके
- फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केलेले (फाइलच्या आतच घातलेले)
- पानं एकेकटी आणि क्रमाने. छपाईसाठी पानांच्या जोड्या छापखाना लावतो, तुम्ही लावून दिल्यात तर घोळ होतो
- अनुक्रमणिकेतले पान क्रमांक शेवटी पुन्हा एकदा जुळवून
- कलाकारांच्या नावांची शुद्धलेखनं दुसऱ्या माणसाकडून तपासून, कारण फॅनला तुमची मांडणी चुकलेली एक वेळ कळणार नाही, नावातला ऱ्हस्व-दीर्घ लगेच कळेल

छापखान्याकडून रंगीत प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मागा आणि ते ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात बघा. चेहऱ्यांचे रंग बरोबर असतील तर सही करा. हिरवट किंवा तांबूस वाटत असतील तर प्रूफवरच पेनाने लिहून परत पाठवा, फोनवर सांगू नका.